राजाने किल्ट घातला, आणि आत?

आधी एक कबुली. सेकंड इयरच्या ट्रॅडिशनल डेला मी भाड्याने जरीची शेरवानी आणली होती. उकाडा मरणाचा, म्हणून आत बनियन घातलंच नाही. दुपार होईस्तोवर मानेला, काखेला, पाठीला नुसती खाज. फोटोत हसतोय, पण हात पाठीमागे. संध्याकाळी परत द्यायला गेलो तर दुकानदारकाकांनी शेरवानी उलटी केली, अस्तरावरचे घामाचे डाग बघितले आणि एक शब्द न बोलता डिपॉझिट कापलं. चूक माझीच होती. लुक बाहेरच्या कपड्याचा असतो, पण दिवस निभावून नेतो तो आतला कपडा, हे मला त्या दिवशी पैसे मोजून कळलं.

तुमच्यापैकी कुणी शिकायला स्कॉटलंडला जाणार असेल, तर पदवीदान समारंभाला किंवा मित्राच्या लग्नात किल्ट घालायची वेळ येऊ शकते. मग तोच प्रश्न समोर येतो, ज्यावर जगभर विनोद होतात. किल्टच्या आत काय घालायचं? या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं आणि सगळ्यात फसलेलं उत्तर दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने दिलं होतं. त्याचं नाव चौथा जॉर्ज. आज त्याचीच गोष्ट.

पोरगा हुशार, पण...

जॉर्जचा जन्म १२ ऑगस्ट १७६२चा, लंडनचा. ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचा हा थोरला मुलगा. पोरगा हुशार होता. फ्रेंच, जर्मन, इटालियन बोलायचा. संगीत, चित्रं, इमारती यांची त्याला खरी जाण होती. बाप मात्र काटकसरी, शिस्तीचा, शेतीत रमणारा. घराघरात होतं तेच इथेही झालं. बापाला जे नको, ते मुलाने मन लावून केलं.

एकविसाव्या वर्षी त्याला संसदेकडून ६० हजार पौंड मिळाले, वडिलांकडून वर्षाला ५० हजार पौंडांचा पॉकेटमनी सुरू झाला, शिवाय कार्लटन हाउस नावाचा महाल राहायला मिळाला. तरी पुरेना. घोडे, जुगार, फर्निचर, दारू आणि कपडे, कपडे, कपडे. १७९५पर्यंत त्याच्या डोक्यावर ६ लाख ३० हजार पौंडांचं कर्ज झालं होतं.

याच काळात तो मारिया फिट्झहर्बर्टच्या प्रेमात पडला. ती वयाने मोठी, दोनदा विधवा झालेली, आणि मुख्य म्हणजे कॅथलिक. राजघराण्याच्या नियमांत हे कुठेच बसत नव्हतं. १५ डिसेंबर १७८५ला दोघांनी चोरून लग्न केलं. राजाची परवानगी नसल्यामुळे कायद्याने ते लग्न लग्नच नव्हतं. दहा वर्षांनी वडिलांनी अट घातली की कर्जातून सुटायचं असेल तर ब्रन्सविकच्या कॅरोलिनशी, म्हणजे सख्ख्या आतेबहिणीशी, लग्न कर. ८ एप्रिल १७९५ला तो बोहल्यावर उभा राहिला तो दारूच्या नशेत. पुढच्या जानेवारीत मुलगी झाली, शार्लट. त्यानंतर नवरा-बायको वेगळे झाले ते कायमचे.

मित्र असा, की कपडे शिकवले आणि अब्रूही घेतली

फॅशनवाल्यांना ब्यू ब्रमेल हे नाव माहीत असेल. हा ना सरदार, ना राजपुत्र. तरी लंडनच्या पुरुषांनी काय घालावं हे तो ठरवायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. रोज अंघोळ करा, अंगाला लागणारं कापड रोज धुतलेलं असू द्या, मगच वरचा कोट नीट दिसेल. त्याआधी श्रीमंतांचा भर अत्तरावर आणि पावडरीवर होता. रोज अंघोळ ही तेव्हाच्या लंडनमध्ये बातमी होती! तेव्हाचे पुरुषांचे सदरे चांगले लांब असायचे. सदऱ्याची खालची टोकं मांड्यांमध्ये खोचली की तीच अंडरवेअर. त्यामुळे ब्रमेल जेव्हा स्वच्छ सदऱ्याचा आग्रह धरायचा, तेव्हा तो आतल्या कपड्याबद्दलच बोलत होता.

जॉर्ज त्याच्यावर फिदा होता. पण दोघांचं बिनसलं. १८१३च्या एका पार्टीत जॉर्जने ब्रमेलला ओळखच दाखवली नाही. ब्रमेलने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शेजाऱ्याला विचारलं की तुझा हा जाडा दोस्त कोण. क्षणात सगळ्या दालनाला समजलं की राजपुत्राचं वजन ही आता चारचौघांत बोलायची गोष्ट झाली आहे.

वजन होतंच. १७९७मध्येच तो १११ किलोचा होता. १८२४मध्ये त्याच्यासाठी शिवलेला कॉर्सेट ५० इंच कमरेचा होता. कॉर्सेट म्हणजे पोट आवळून धरणारा, कडक पट्ट्यांचा आतला पोशाख. आजचं शेपवेअर समजा, पण श्वास कोंडेल इतकं घट्ट. व्यंगचित्रकारांना तर रोजचं खाद्य मिळालं. तेव्हा छापील व्यंगचित्रं दुकानांच्या काचांत लावायचे आणि लोक गर्दी करून हसायचे. ट्रोलिंग आपल्या पिढीने शोधलं असं वाटत असेल, तर ती दुकानं आठवा.

आपल्याशी त्याचा काय संबंध?

आहे. वडिलांना मानसिक आजाराने ग्रासलं म्हणून ५ फेब्रुवारी १८११पासून जॉर्ज त्यांच्या जागी कारभार पाहू लागला. त्याला प्रिन्स रीजंट म्हणायचे. १८१८मध्ये पुण्याची पेशवाई संपली, तेव्हा लंडनमध्ये राज्य चालत होतं ते याच्या नावाने. त्याआधी १८०३मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची जी लढाई झाली, त्यात ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या नावाने उभारलेल्या. त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि शेवटी याच जॉर्जचा पंतप्रधान.

आणखी एक. ब्रायटनला समुद्रकिनारी जॉर्जने घुमट-मिनारांचा एक महाल उभा केला, रॉयल पॅव्हिलियन. लांबून हिंदुस्तानातला वाटावा असा. त्याच गावात पाटण्याहून गेलेले शेख दीन मोहम्मद वाफेचं स्नान आणि चंपी करून द्यायचे. जॉर्जने त्यांना आपला शॅम्पूइंग सर्जन नेमलं होतं. शॅम्पू हा शब्द चंपीवरूनच आलाय.

एक बंदी, एक लेखक, एक ड्रेस कोड

आता किल्टकडे येऊ. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

स्कॉटलंडचे हायलँडर लोक पूर्वी एक लांबलचक लोकरी कापड चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधायचे आणि उरलेलं खांद्यावर घ्यायचे. आत तोच लांब सदरा. पुढे त्याचा खालचा भाग तेवढा वेगळा झाला, तोच आजचा किल्ट. पूर्ण पारंपरिक किल्टला सुमारे आठ वार कापड लागतं आणि सगळ्या चुण्या मागच्या बाजूला. आपली नऊवारी, त्यांची आठवारी म्हणा ना!

१६ एप्रिल १७४६ला कलोडनच्या मैदानावर हायलँडर बंडखोरांचा पराभव झाला. हरवणारा सेनापती कंबरलँडचा ड्यूक, जॉर्जच्या आजोबांचा सख्खा भाऊ. त्यानंतर कायदाच झाला की हायलँडच्या पुरुषांनी हा पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सूट फक्त सैन्यात गेलेल्यांना. म्हणजे किल्ट घालायचा असेल तर ज्यांनी तुम्हाला हरवलं, त्यांच्यासाठीच लढा. ही बंदी १७८२मध्ये उठली, पण तोवर पस्तीस वर्षं गेली होती. मुलं न घालताच मोठी झाली होती. सवय मोडली होती.

आणि मग आला सर वॉल्टर स्कॉट. कवी, कादंबरीकार, प्रचंड लोकप्रिय. आपल्याकडे ह. ना. आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की समीक्षक याच स्कॉटची आठवण काढतात. १८२२मध्ये जॉर्जने स्कॉटलंडला यायचं ठरवलं. १६५१नंतर गादीवरचा एकही राजा तिथे फिरकला नव्हता. स्वागताची जबाबदारी स्कॉटवर पडली, आणि हातात उरले होते काही आठवडे.

स्कॉटने कादंबरीसारखाच कार्यक्रम लिहून काढला. मिरवणुका, बॅगपाइप, कुळांचे सरदार, टार्टनच टार्टन. टार्टन म्हणजे ते चौकड्यांचं लोकरी कापड. लोकांनी काय घालावं, कसं वागावं याची पुस्तिकासुद्धा काढली. एका नृत्यसमारंभासाठी तर नियमच होता की गणवेशात नसाल तर हायलँड पोशाखच हवा. कॉलेज फेस्टचा ड्रेस कोड व्हॉट्सअॅपवर फिरतो ना, अगदी तसं. एडिनबराचे शिंपी रात्रंदिवस शिवत बसले. ज्यांच्या बापजाद्यांनी कधी किल्ट घातला नव्हता, त्या शहरी वकील-व्यापाऱ्यांनीही किल्ट शिवून घेतले. स्वतः स्कॉटचा पाय लहानपणच्या आजाराने अधू होता. त्याने मात्र किल्ट न घालता टार्टनची विजार घातली.

१७ ऑगस्ट १८२२

राजाने पोशाखाची ऑर्डर दिली होती. बिल झालं १,३५४ पौंड. त्यात साटीन, मखमल, कश्मिरी कापड, तलवार, खंजीर, पिस्तुलं, सोन्याच्या साखळ्या, सगळं आलं. जॉर्ज १४ तारखेला लीथ बंदरात पोचला, पण मुसळधार पावसामुळे एक दिवस बोटीतच बसून राहिला. १७ तारखेला होलीरूडच्या राजवाड्यात दरबार भरला आणि तो किल्ट घालून समोर आला.

साठ वर्षांचा, अवाढव्य देह. पोटावर चढल्यामुळे किल्ट गुडघ्यांच्या बराच वर गेलेला. आणि खाली? उघडे पाय नव्हते. सुजलेले पाय दिसू नयेत म्हणून त्याने आत फिकट गुलाबी, अंगाच्या रंगाची घट्ट टाइट्स घातली होती.

झालं. लोकांना किल्ट दिसलाच नाही, टाइट्स दिसली. पाय झाकायला घातलेल्या वस्तूनेच सगळ्यांचं लक्ष पायांकडे खेचलं. त्यात लंडनचा माजी महापौर विल्यम कर्टिस हाही तितकाच गोल माणूस किल्ट घालून हजर. व्यंगचित्रकारांनी दोघांना शेजारी शेजारी उभं करून धमाल केली. त्या दौऱ्यात जॉर्जने किल्ट पुन्हा घातला नाही.

पण तुम्ही हसत असाल तर एक मिनिट थांबा. मीही ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा खूप हसलो होतो. मग मला माझ्या मित्राची आठवण आली, जो पूलपार्टीलाही टी-शर्ट काढत नाही. मग माझीही आली, प्रत्येक ग्रुप फोटोत पोट आत ओढून उभा असलेला. त्या दालनात जॉर्ज राजा होता, पण आपल्या पायांची त्याला लाज वाटत होती, एवढंच खरं.

आणि हसू थांबवणारी दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. एडिनबरामध्ये श्रीमंत लोक हायलँडर बनून नाचत होते, त्याच काळात खरे हायलँडर घरं सोडून चालले होते. मेंढ्यांना कुरणं हवीत म्हणून जमीनदार कुळांना हुसकत होते. सदरलँडच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ आणि १८१९मध्ये गावंच्या गावं रिकामी केली गेली. कपडा शहरात आला आणि माणसं किनाऱ्याला, नाहीतर जहाजात. आपण ट्रॅडिशनल डेला आदिवासी, कोळी, धनगर यांचे पोशाख घालतो, तेव्हा ती माणसं आज कुठे आणि कशी राहतात हे आपण विचारतो का? मी तरी विचारलं नव्हतं.

फिल्टर आणि शेवट

१८२९मध्ये डेव्हिड विल्की या चित्रकाराने त्या दिवसाचं चित्र पूर्ण केलं. चित्रात राजा सडपातळ आहे, किल्ट बरोबर गुडघ्यापर्यंत आहे आणि टाइट्स गायब. दोनशे वर्षांपूर्वीचा फिल्टर. गंमत म्हणजे त्या फसलेल्या लुकनंतरही किल्ट मात्र जिंकला. एकेकाळी तुरुंगात नेणारा पोशाख अख्ख्या स्कॉटलंडचा राष्ट्रीय पोशाख झाला, तो मुख्यतः त्या दोन आठवड्यांमुळे.

जॉर्ज मात्र हरत गेला. त्याची एकुलती एक शार्लट १८१७मध्येच, एकविसाव्या वर्षी बाळंतपणात गेली होती आणि बाळही मृत जन्मलं होतं. कॅरोलिनपासून सुटण्यासाठी १८२०मध्ये त्याने संसदेत खटला उभा केला, तर जनता तिच्या बाजूने उभी राहिली. १८२१च्या राज्याभिषेकावर २ लाख ४३ हजार पौंड उधळले आणि बायकोला दारातून परत पाठवलं. तीन आठवड्यांत ती वारली. संधिवात, सूज, मोतीबिंदू, वेदना दाबायला अफूचा अर्क. शेवटची वर्षं तो विंडसरला लोकांच्या नजरेपासून लपून राहिला. वॉटर्लूच्या लढाईत आपण स्वतः लढलो असं तो सांगायचा. ती लढाई जिंकणारा वेलिंग्टन समोर बसून ऐकायचा. २६ जून १८३०ला तो गेला, तेव्हा वर्तमानपत्राने लिहिलं की याच्यासाठी रडणारं कुणी नाही.

मग किल्टच्या आत नेमकं काय घालायचं?

आता वचन दिल्याप्रमाणे कामाचं. आत काहीच घालायचं नाही, ही प्रथा मुख्यतः स्कॉटिश पलटणींनी प्रसिद्ध केली. पण हायलँड नृत्याच्या स्पर्धांत आत गडद रंगाची शॉर्ट्स घालावीच लागते, आणि भाड्याने किल्ट देणारी दुकानंही आत काहीतरी घाला असंच सांगतात. कारण सरळ आहे. किल्ट जाड लोकरीचा, आपल्या शेरवानीसारखाच रोज न धुता येणारा. घाम, तेल, डाग त्यात गेले की सहज निघत नाहीत. म्हणून रोज धुता येईल असा एक थर मध्ये हवा. पैठणीखाली परकर आणि शेरवानीखाली सुती बनियन हेच काम करतं.

मांड्यांना मांड्या घासून कातडी सोलवटू नये म्हणून थोडी लांब पायांची, सुती, गडद रंगाची बॉक्सर ब्रीफ घ्या. शिवण आतून टोचणारी नको. बसताना दोन्ही हातांनी मागच्या चुण्या खाली सारून बसा, नाहीतर त्या चुरगळतात. समोर लटकणारी चामडी थैली, म्हणजे स्पोरन, दोन्ही मांड्यांच्या मध्ये येऊ द्या, मग कपडा वर उडत नाही.

घरी आल्यावर किल्ट लगेच कपाटात कोंबू नका. हवेवर ठेवा, मऊ ब्रशने झटका, डाग असेल तर गार पाण्याच्या ओल्या कापडाने तेवढाच टिपा. वॉशिंग मशीन नको. ड्रायक्लीन कधीतरीच, आणि त्याआधी चुण्या लांब कच्च्या टाक्यांनी बांधून घ्या. टांगताना कमरपट्टीला चिमटे लावून टांगा. लोकर आहे, कसर लागू देऊ नका.

आणि राजाच्या आत काय होतं, हा प्रश्न राहिलाच. टाइट्स तर सगळ्यांनी पाहिली. पण त्याला पुरलं तेव्हा गळ्यात एक छोटं चित्र होतं. ते आपल्या अंगावरच असावं असं त्याने सांगून ठेवलं होतं. चित्र होतं मारिया फिट्झहर्बर्टचं, कायद्याने जी त्याची बायको कधीच झाली नाही तिचं. आयुष्यभर बाहेरच्या कपड्यांवर लाखो पौंड घालवणाऱ्या माणसाने आत जपलेली वस्तू ही होती, आणि ती त्याने कुणाला दाखवायला घातली नव्हती.